घरच्या माणसांत कागद कसला?

‘हिला शिवून रेषेपर्यंत परत या, पुढची बाटली मी उघडतो.’

आमचे सर असं म्हणाले आणि सगळे हसले. सिंगापुरात, वन-नॉर्थ भागाजवळच्या त्यांच्या कॉन्डोत, स्विमिंग पूलच्या कडेला, रविवारची पार्टी होती. जाळीवर कोंबडी भाजत होती. मी उष्ट्या प्लेटा गोळा करत होते. सरांनी माझ्या हातातली चळत काढून बाजूला ठेवली, मला खांद्याला धरून मोकळ्या फरशीवर नेलं आणि उभं केलं. बाजारात बैल उभा करतात तसं. पाहुण्यांना म्हणाले, ‘ही माझी लेफ्ट कॉर्नर. हिच्या हातात सापडलेला घोटा सुटत नाही. ट्राय करा.’

मी सरांच्या कॉलेजची विद्यार्थिनी होते. कबड्डी खेळण्यासाठी सांगलीकडच्या एका गावातून सिंगापूरला आणलेली. माझ्याबरोबर आणलेल्या बाकीच्या मुली आत भांडी घासत होत्या.

एक पाहुणा उठला. पुण्याचा, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अर्धी चड्डी, पुढे आलेलं पोट, पाण्यात बुडवून ओले झालेले पाय. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तो डुलत आला, मध्येच त्याला हसू फुटलं, माझ्या गालाला हात लावून पळाला. टाळ्या पडल्या. पुन्हा आला. या वेळी हात छातीवर पडला आणि तिथेच राहिला. जाणूनबुजून दाबलं त्याने. ‘पॉइंट!’ कोणीतरी ओरडलं. तिथे बायका होत्या. त्यांच्या मुलीही होत्या. बायकांनी तोंडं फिरवली. सर हसतच होते.

तिसऱ्यांदा त्याचा पाय पुढे आला. पाय समोर आला की कोपऱ्यातली मुलगी विचार करत नाही. तिच्या हातांना लहानपणापासून तेवढंच शिकवलेलं असतं. मी घोटा धरला आणि खेचला. तो तोंडावर आपटला. हनुवटी फरशीवर बसली, दात खालच्या ओठात घुसले, रक्त आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सरांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. कानात शिट्टी वाजायला लागली. त्या शिट्टीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

‘पाहुणे आहेत ते! अक्कल आहे का? पाया पड त्यांच्या.’

मी पडले. वाकले आणि त्याच्या ओल्या पायांना हात लावला. तो ओठावर टिश्यू दाबून म्हणाला, ‘इट्स ओके, इट्स ओके. स्ट्राँग गर्ल.’ सरांच्या बायकोला आम्ही मॅडम म्हणायचो. त्या मला आत घेऊन गेल्या. मला वाटलं, बाई आहे, काहीतरी बोलेल. त्यांनी फ्रिजमधून बर्फ काढून दिला.

‘गालाला लाव. उद्या ब्रोशरचे फोटो आहेत.’

मग मी उरलेल्या प्लेटा धुतल्या.

आता विचाराल, तू तिथे गेलीसच कशाला? सांगते.

सर आमच्या घरी आले ती गोष्ट आमच्या वस्तीत अजून सांगतात. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. गावातली माणसं कामाला बोलवायला आली तरी रस्त्यावरूनच हाक मारायची. चहा विचारला तर ‘आत्ताच झालाय’ म्हणायची. सर मोटारीतून उतरले, बूट काढून आत आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि आईने केलेला चहा प्यायले. वर म्हणाले, ‘अजून असला तर द्या थोडा.’ दारात गर्दी झाली होती. तसल्या आडनावाच्या माणसाला आमच्या कपातून चहा पिताना वस्तीने पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्या वर्षांत टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाली होती. रंगीत दिवे, चकचकीत मॅट, पोरांचे लिलाव, पोरांचे करार. पोरींना तिथे जागा नव्हती. सर म्हणाले, मी जागा देतो. माझं सिंगापूरला कॉलेज आहे. फी माफ, राहणं-खाणं माझ्याकडे, हातखर्चाला काहीतरी देईन, डिप्लोमा झाला की नोकरीचं बघू. हिने फक्त खेळायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कामावर गँगमध्ये होते. डांबराने त्यांचे पाय कायमचे काळे झालेले. त्यांनी दबकत विचारलं, ‘सायेब, ह्ये समदं काय लिवून-बिवून द्यायचं असतंय का?’

सर दुखावल्यासारखे हसले. ‘दादा, घरच्या माणसांत कागद कसला? आजपासून ही माझी मुलगी.’ आणि उठले, वाकले, आईच्या पायांना हात लावला. आई भिंतीला जाऊन टेकली. ‘आवो, काय करताय ह्ये सायेब!’ तिच्या डोळ्यांना धार लागली. नंतर ती अण्णांवर खेकसली. ‘कुणाला काय इचारावं, कळतं का तुमास्नी?’

ही चूक आमच्यासारखेच करू शकतात. ज्याने आम्हाला माणसासारखं वागवलं त्याच्याकडे हक्काचं मागायला आम्हाला लाज वाटते. त्याने चहा घेतला हे आम्ही उपकार समजलो. चहा आमचा, साखर आमची, रॉकेल आमचं, मग उपकार त्याचे कसे झाले? हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मीही रडत होते, आनंदाने.

सह्या झाल्या त्या प्रवेशाच्या कागदांवर आणि पासच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या अर्जावर. सगळं इंग्रजी. त्यात मी विद्यार्थिनी होते. कबड्डी हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

बुकित पंजांगला एका फ्लॅटमध्ये आम्ही सगळ्या मुली राहायचो. गाद्या जमिनीवर. सुरुवातीला मजा वाटली. तिथली छोटी एलआरटी ट्रेन ड्रायव्हरशिवाय इमारतींच्या मधून फिरते, आम्ही पुढच्या काचेला नाक लावून बसायचो. रेखा आमची कॅप्टन. चढाईला गेली की समोरच्या मुली मागे सरायच्या. गावात ती पाटलाची, मी ओढ्यापलीकडची. तिथे कधी आम्ही एका ताटात जेवलो नसतो. इथे एका चादरीखाली झोपायचो आणि ती झोपेत मला लाथा मारायची.

सकाळी सराव. मग क्वीन्सटाउनला कॉलेज. कॉलेज म्हणजे एका ऑफिसच्या इमारतीतला मजला. वर्गात हजेरीसाठी बोट टेकवायचं आणि पेंगायचं. लिफ्टच्या दारावर आमचा फोटो, लाल जर्सीत, हात कमरेवर. आम्ही जिंकायला लागलो तशी पुण्या-मुंबईतून प्रवेशाला पोरं वाढली. सरच भाषणात सांगायचे, ‘या मुलींनी कॉलेजला नाव दिलं.’ मग शाल आणि नारळ. त्या उकाड्यात शाल. बॅग भरली शालींनी.

पैसे? सामना जिंकला की सर पाकीट द्यायचे. ‘घ्या, खाऊ खा.’ खाऊचे पैसे म्हणायचे त्याला. एखाद्या महिन्यात विसरायचे. एखाद्या महिन्यात रागावलेले असले की नसायचेच. आणि मागणार कसं? खाऊ कोणी मागतं का? पगार मागता येतो. खाऊ मागितला की माणूस हावरट होतो.

सरांच्या घरी वाती नावाची इंडोनेशियन बाई कामाला होती. तिचा करार होता. पगार ठरलेला, औषधपाणी मालकाकडे, रविवारी सुट्टी. म्हणून तर रविवारच्या पार्टीची भांडी आमच्याकडे यायची. आम्ही मुली, घरच्या. घरच्यांना सुट्टी नसते. आणि त्या घरात आमचे कपही वेगळे होते. प्लास्टिकचे, सिंकखालच्या कप्प्यात ठेवलेले. ‘तुम्ही मुली फोडता ना,’ मॅडम म्हणायच्या. रेखाला मात्र काचेचा मिळायचा. तिच्या हातून दोन फुटले, तरी काचेचाच मिळायचा. एकदा रेखाने स्वतःचा कप माझ्या हातात दिला आणि माझा घेतला. मॅडमनी पाहिलं. पुढच्या वेळी पुन्हा प्लास्टिक.

मग माझा गुडघा गेला.

सरावातच गेला. मी घोटा धरून खाली होते आणि साखळी करून आलेल्या दोघी वरून पडल्या. पाय एकीकडे राहिला, मी दुसरीकडे. आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. मी ओरडलेसुद्धा नाही, आधी नुसतं बघत राहिले. पाऊल भलत्याच दिशेला होतं. मग ओरडले.

डॉक्टर म्हणाले, लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लागेल. खेळायचं नाव काढू नका. सर बाहेर आल्यावर म्हणाले, ‘इथले डॉक्टर घाबरवतात. मुरगळलंय. तेल चोळ, पट्टी बांध. फायनल झाली की बघू.’

कॉलेजचा विमा होता. वर्गात पाय घसरून पडले असते तर त्यांनी खर्च दिला असता. कबड्डीचा विमा नव्हता, कारण कागदावर कबड्डीच नव्हती. मी विमानातून उतरल्यापासून जे करत होते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सरांच्या गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘सर, ऑपरेशनचं तेवढं लिहून द्याल का? आणि बाकीचंही. पगाराचं, सुट्टीचं. सगळ्यांचंच.’

ते ओरडले नाहीत. गाडी बाजूला घेतली. फोन काढला आणि स्पीकरवर माझ्या आईला लावला.

‘आई, नमस्कार. तुमची लेक माझ्याकडे कागद मागतेय. म्हणते, लिहून द्या. माझं काही चुकलं का, ते तुम्हीच सांगा.’

पलीकडे आई गडबडली. मग तिचा आवाज आला, गयावया करणारा. ‘न्हाई वो सायेब, ल्हान हाय ती, पदरात घ्या. ए बाय, ऐकतीस का? सायेबास्नी तरास देऊ नगंस. आपलं मानून नेलंय त्यांनी तुला.’

‘बोल,’ सर मला म्हणाले, ‘आईशी बोल.’

मी म्हणाले, ‘चुकलं माझं.’ आईला म्हणाले आणि त्यांनाही म्हणाले. गुडघ्याला ठणका लागला होता, पण त्यापेक्षा जास्त दुसरीकडे दुखत होतं. या माणसाने माझ्याच आईचा हात धरून मला थोबाडीत मारली होती. पार्टीतल्या थपडेचा मला राग आला होता. या थपडेनंतर राग आला नाही. डोकं थंड झालं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. दिसलं ते असं: हा माणूस वाईट आहे की चांगला, हा प्रश्नच नाही. तो देव असता तरी मला कागद पाहिजे होता.

फायनलचा दिवस. मोठा हॉल, खुर्च्या भरलेल्या, प्रमुख पाहुणे हार घालून बसलेले. मुली बाहेर वॉर्मअप करत होत्या. मी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून होते, साध्या कपड्यांत. सर जर्सी आणि पट्टी घेऊन आत आले.

‘आवर लवकर.’

‘मी खेळणार नाही. आधी लिहून द्या.’

त्यांनी दार ढकललं. माझ्यासमोर गुडघ्यावर बसले, जणू पट्टीच बांधणार आहेत. सुजलेल्या गुडघ्यावर अंगठा ठेवला. ‘इथे दुखतं?’ आणि दाबला. ‘की इथे? की इथे?’ माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती मला स्वतःला ओळखू आली नाही. ते उठले आणि त्यांनी मला थोबाडीत मारली. दुसरी मारायला हात उचलला तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

‘सोड.’

‘लिहून दे.’

मी अरे-तुरेवर आले होते. त्यांनाही ते ऐकू गेलं, कारण त्यांचा चेहरा मनगट धरल्याने बदलला नव्हता तो आता बदलला. ‘लायकी बघ तुझी,’ ते म्हणाले. एक शिवी दिली. माझ्या जातीची. सतरंजीवर बसून चहा प्यायला होता तो माणूस, शिवी मात्र त्याच्या जिभेवर तयार होती. मी पकड आवळली. त्यांनी बूट उचलला आणि माझ्या गुडघ्यावर लाथ घातली.

डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी बाकावरून खाली गेले, पण मनगट सोडलं नाही. तेही माझ्यावरून पुढे झुकले, त्यांचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली, त्यांच्या पांढऱ्या शर्टवर, माझ्या केसांत. मी त्यांना तशीच खेचत होते. मारून टाकलं असतं. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. दार उघडलं आणि मुली आत आल्या म्हणून तो माणूस वाचला, आणि मीही वाचले.

रेखाने माझी बोटं एकेक करून सोडवली. ‘सोड गं. सोड. मरंल त्यो.’

सर उठले. नाक पुसलं. आवाज लगेच पुण्याचा, स्वच्छ झाला. ‘कसला करार? स्टुडंट पासवर आहेस तू. या पासवर काम करायला बंदी आहे, माहितीये? बाहेर जाऊन काम केलं म्हण, पगार मागितला म्हण. पहिली तूच आत जाशील. पास मी देतो, मी काढतो.’ मग बाकीच्यांकडे वळले. ‘चला, मॅटवर. हिच्यासारखं व्हायचंय का कुणाला?’

मुली गेल्या. रेखा सगळ्यात पुढे. तिने माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मी भिंत धरून, एका पायावर, दारापर्यंत आले. मॅटवर आमची रांग उभी राहिली होती, माझा डावा कोपरा रिकामा ठेवून. शिट्टी झाली. समोरची मुलगी दम घेऊन चढाईला आली. रेखाने तिच्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे टाकली आणि मैदानाची रेषा ओलांडून बाहेर गेली. बाहेर पाय पडला की खेळाडू बाद. पंचाने हात वर केला. मग तिच्या शेजारची बाहेर गेली. मग पुढची. चढाईवाली मुलगी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत एकटीच मॅटवर फिरत राहिली, तिला कळेना थांबायचं की नाही. शेवटची मुलगी बाहेर गेली. लोण चढला. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मी दारातच बसले आणि मोठ्याने रडले.

तुम्हाला वाटेल, इथे आम्ही जिंकलो. नाही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम बुकित पंजांगच्या फ्लॅटवर आल्या. प्रत्येकीसाठी एक लिफाफा. आत विमानाचं तिकीट आणि एक छापील कागद. वकिलाकडून करून घेतलेला, कलमं पाडलेला, खाली सहीची जागा आखलेली. घरच्या माणसांत कागद आला होता. एका रात्रीत आला होता. त्यात लिहिलं होतं की मी हौसेने खेळले, कॉलेजने मला काम दिलं नाही, मोबदला ठरला नव्हता, दुखापत माझी मला झाली, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्या कागदात आणखी एक ओळ होती. सही केली तर पुण्याला ऑपरेशन होईल, खर्च सरांचा.

‘गुडघ्याचा विचार कर,’ मॅडम म्हणाल्या. खरंच मायेने म्हणाल्या. ‘तुझं वय काय, बाळा. जन्मभर लंगडशील.’

मुलींनी सह्या केल्या. रेखानेही केली. ‘घरला कळलं तर माझं कॉलेजबी बंद आन् भाईर पडणंबी बंद,’ ती म्हणाली. ‘माफ कर.’ मी माफ केलं नाही. मैदानाबाहेर पाय टाकायला जी छाती लागली ती इथे का पुरली नाही? मी तिला तसं विचारलंही. ती रडली. मला तिची दया आली नाही. ती माझी जिवाभावाची मैत्रीण होती आणि अजूनही माझं तिच्यावर प्रेम आहे, पण ती सही मी विसरलेले नाही.

मी त्या कागदाकडे दुपारभर बघत बसले. ऑपरेशन झालं तर परत खेळेन. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला खेळाशिवाय दुसरं काय येत होतं? सही एवढीशी करायची होती. पण त्याखाली माझं नाव गेलं असतं तर मी जे काही केलं ते सगळं हौस ठरलं असतं. पहाटेचे सराव हौस. मोडलेला गुडघा हौस. ती भांडी हौस. छातीवरचा तो हात, तीही माझी हौस.

मी कागद मॅडमच्या समोर फाडला. त्यांनी तुकडे गोळा केले. कचरा त्यांना आवडत नाही.

सरांना माझा पास बंद करायचा होता, म्हणजे हातात वेळ थोडा होता. मी लंगडत, बस पकडत, कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. काउंटरवर साडी नेसलेली तमिळ बाई होती. ती इंग्रजीत विचारत होती, मी मोडक्या इंग्रजीत आणि हिंदीत सांगत होते. गुडघा दाखवला. गाल दाखवला. सगळं ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

‘तू खेळत होतीस की त्याच्यासाठी काम करत होतीस? नीट विचार कर हं. यू थिंक फर्स्ट, ओके? काम म्हणालीस तर या पासवर ते तुझ्यावरही येईल. मग परत सिंगापूरला येणं नाही.’

सर खोटं बोलले नव्हते. सापळा खरा होता. खेळ म्हटलं तर मी स्वच्छ, मोकळी, आणि कोणी माझं काही देणं लागत नाही. काम म्हटलं तर मी गुन्हेगार, पण मग मला राबवून घेणारा कोणीतरी आहे. त्याला नाव आहे, पत्ता आहे. माझ्यासारख्या पोरीला कायद्यात माणूस व्हायचं असेल तर आधी आरोपी व्हावं लागत होतं.

‘काम,’ मी म्हणाले. ‘आय वर्क. यू राइट.’

तिने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं.

मला परत पाठवलं. सिंगापूरचं दार माझ्यासाठी बंद झालं. सरांकडे चौकशी गेली असं कळलं. कॉलेजने जागा बदलली, नाव बदललं असंही ऐकलं. तुरुंगात गेले नाहीत, एवढं नक्की, कारण त्यांचे पार्टीचे फोटो मी नंतरही पाहिले. ऑपरेशन उशिरा झालं, सरकारी दवाखान्यात, आणि नीट झालं नाही. मी पुन्हा मॅटवर उतरले नाही. अण्णा मला काही बोलले नाहीत. आई पुष्कळ दिवस बोलली. ‘एवढा मोठा माणूस आपल्या घरला आला हुता,’ ती म्हणायची. मी तिच्यावर ओरडायचे, ती रडायची. आमच्या घरात अजूनही हे भांडण संपलेलं नाही.

मी आता तालुक्याच्या मैदानावर मुलींना कबड्डी शिकवते. खुर्चीवर बसून, काठी घेऊन. माझ्या मुली चांगल्या आहेत. एवढ्या चांगल्या की कॉलेजवाले, क्लबवाले, बाहेरगावचे सर त्यांना न्यायला येतात. गोड बोलतात. मुलीसारखं सांभाळू म्हणतात. त्यांना मी एकच सांगते. पगार किती, सुट्टी कधी, पाय मोडला तर खर्च कोणाचा, अंगाला हात लावला तर तक्रार कोणाकडे, हे सगळं लिहून, दोन साक्षीदारांच्या सहीनिशी माझ्या हातात द्यायचं. काही जण देतात. बरेचसे दुखावतात आणि मला भांडकुदळ म्हणतात. आईबाप माझ्यावर चिडतात, आलेली संधी घालवली म्हणतात. घालवली. आणखीही घालवीन.

ज्याला माझी मुलगी पाहिजे त्याने आधी लिहून द्यावं. न लिहिता तिला न्यायला जो कोणी माझ्या मैदानात येईल, तो स्वतःच्या पायांनी परत जाईल याची जबाबदारी मी घेणार नाही.